सातव्या सापळ्याचं शून्य

डोळे मिटा बरं जरा. वाचायचंय म्हणजे खरे डोळे उघडेच ठेवावे लागतील, पण मनातले मिटा. मिटलेत? आता असं समजा, की तुम्ही मक्याच्या शेतात उभे आहात. मका तुमच्या गुडघ्याएवढा आहे. समोर एक काठी रोवली आहे आणि काठीला एक छोटंसं पुठ्ठ्याचं घर टांगलं आहे. घराला उतरतं छप्पर आहे, पण पुढची आणि मागची भिंत नाही, त्यामुळे वारा आरपार जातो. छपराला आतून एक गोळी लटकते. तुम्ही ती कितीही हुंगलीत तरी तुम्हाला काही वास येणार नाही. पतंगांना मात्र येतो. त्यांना वाटतं, आत आपली जोडीदारीण बसली आहे. म्हणून ते थाटात आत शिरतात आणि फरशीवर बसतात. फरशी म्हणजे पांढरं चिकट कार्ड. बसला तो बसलाच.

असे पाच-पंचवीस पतंग चिकटल्यामुळे शेत वाचत नाही बरं का. बाहेर हजारो असतात. सापळ्याचं काम वेगळं. तो बातमी आणतो. पतंग आले म्हणजे पानांवर अंडी पडणार. अंडी पडली म्हणजे केसाएवढ्या अळ्या निघणार. त्या केसाएवढ्या आहेत तोवर पानावर उघड्या बसतात, तेव्हा त्यांचा बंदोबस्त करता येतो. पण मोठी झाली की अळी पोंग्यात शिरते. मक्याच्या मधोमध कोवळी पानं सुरळीसारखी गुंडाळलेली असतात ना, तो पोंगा. एकदा आत बसून तिनं आपल्याच घाणीचं बूच वर लावलं, की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. ती आत बसून निवांत जेवते. म्हणून सापळ्यातले पतंग दर आठवड्याला मोजायचे, आणि वेळेवर मोजायचे.

आपल्या गोष्टीतली मुलगी अकरा वर्षांची होती आणि तिच्या गावचे आठ सापळे तिच्याकडे होते.

ते तिच्याकडे कसे आले, तेही सांगतो. एक बाई स्कूटरवरून तीस गावं फिरायच्या. सगळे त्यांना सापळेबाई म्हणत. तीस गावांचे सापळे एकटीनं मोजणं शक्य नव्हतं, म्हणून त्या एकदा शाळेत आल्या आणि पतंग चिकटलेलं एक जुनं कार्ड त्यांनी वर्गात फिरवलं. "मोजा," म्हणाल्या. कोणी बावीस म्हणालं, कोणी तीस. ही मुलगी बराच वेळ बघत बसली आणि तिनं विचारलं, "बाई, काही पतंग अर्धेच उरलेत. ते धरायचे का?"

"डोकं असेल तर धरायचे. डोकं नसेल तर सोडून द्यायचे."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मग बाई, आम्हाला नकाच धरू."

बाई खळखळून हसल्या, पण वही त्यांनी मुलीच्या हातात दिली. वहीबरोबर चिमटा, दोरीनं बांधलेली पेन्सिल आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. पुढच्या रविवारी तिला बरोबर घेऊन आठही सापळे फिरवून दाखवले. कोऱ्या कार्डावर चिकट बाजूला एक मेणकागद असतो. कार्ड सापळ्यात सरकवायचं आणि मग मेणकागद सोलून काढायचा. कागदही पांढरा, कार्डही पांढरं.

"सोललेले कागद या पिशवीत टाकायचे," बाई म्हणाल्या. "घरी जाऊन मोजायचे. आठ कार्डं, आठ कागद. कंटाळा नाही करायचा."

"नाही करणार."

"अजून एक. सापळ्यात एकही पतंग नसला तर काय लिहिशील?"

"शून्य."

"आणि सापळा बघताच आला नाही तर? पाऊस आला, ताप आला, पाय मुरगळला?"

मुलीनं विचार केला. "तेव्हापण शून्य?"

"नाही. तेव्हा आडवी रेघ. शून्य म्हणजे मी बघितलं आणि नव्हते. रेघ म्हणजे मला माहीत नाही. माहीत नाही असं लिहायला लाजायचं नाही."

मुलीनं मान डोलावली. पण मनात तिला रेघ काही आवडली नाही. नीटनेटक्या वहीत ती रेघ म्हणजे पुढचा दात पडल्यासारखी दिसली असती.

आकडे सोमवारी सकाळी दूध केंद्राच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचे, असं ठरलं होतं. कारण सकाळी गावातलं सगळं दूध तिथे येई आणि दुधाबरोबर सगळी माणसं. एका सापळ्यात दहाच्या वर पतंग दिसले, की त्या बाजूच्या लोकांनी शेतात उतरून झाडं तपासायची आणि अळी दिसली तर फवारणीवाल्याला बोलवायचं.

फळ्याकडे सगळ्यांत उत्सुकतेनं कान लावून असायचे ते गाईवाले आजोबा. कान म्हणतोय मी, कारण डोळ्यांचं त्यांच्याकडे फारसं काही उरलं नव्हतं. धुक्यातून बघावं तसं त्यांना दिसे. माणसं ते चालीवरून ओळखत, गाई हंबरण्यावरून. सहा गाई होत्या त्यांच्या, आणि वर्षभराचा चारा म्हणजे त्यांचा तो मका. कणसं दुधात आली की मका ताटासकट कापायचा, बारीक करायचा आणि खड्ड्यात दाबून मुरवायचा. त्या मुरघासावर सहा गाई पुढचा मका येईपर्यंत निघत. पानावरची केसाएवढी अळी आजोबांना दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून पहिल्याच सोमवारी त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं झालं बाई तू आलीस. आता तूच माझी दुर्बीण."

तेव्हापासून तिचं नाव दुर्बीण पडलं. दूध मापणारे काकासुद्धा म्हणायचे, "सरका जरा, दुर्बीण येतेय." घरी दादा चिडवायचा, "दुर्बिणीला भूक लागली का? का लांबूनच जेवण दिसतंय?" ती रागावल्याचं दाखवायची, पण तिला ते नाव फार आवडे. रात्री अंथरुणात पडल्यावर ती ते स्वतःशी एकदा म्हणून बघत असे.

आता सातव्या सापळ्याकडे येऊ.

सातवा सापळा आजोबांच्या शेतात अगदी पलीकडच्या कोपऱ्यात होता. तिथे जायला कालव्यावरची डुगडुगणारी फळी ओलांडायची आणि मग मक्याच्या ओळींतून शंभरेक पावलं चालायचं. मक्याची पात दिसते मऊ, पण तिची धार हाताला कापते. दुर्बीण एकटीनं फिरली त्या पहिल्या रविवारी तिनं तेही सगळं केलं. सातव्यात दोन पतंग होते. ते लिहिले, जुनं कार्ड काढलं, नवं सरकवलं. तेवढ्यात रस्त्यावरून दादाची हाक आली, "येतेस का? ट्रॅक्टर घरीच चाललाय. नाहीतर बस चालत!"

ती पळाली. आठवा सापळा रस्त्यालगतच होता, तो तिनं पळता पळता उरकला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून घरी आली, कागदांची पिशवी खुंटीला अडकवली आणि मोजायचे ते कागद मोजायचे राहिले. पिशवीत सातच होते.

पुढच्या रविवारी ऊन कडक होतं. हातावरचे मागचे ओरखडे अजून चुरचुरत होते. ती फळीपर्यंत गेली आणि थांबली. मका अजून कमरेएवढाच होता, त्यामुळे फळीवरून सापळा दिसत होता आणि त्याच्या उघड्या बाजूनं आतलं कार्डही. पांढरं स्वच्छ. एक ठिपका नाही. दुर्बीणच ती, तिला लांबूनही दिसलं. तिनं लिहिलं, शून्य.

त्याच्या पुढच्या रविवारीही ती फळीवरच थांबली. शून्य.

इकडे सहाव्या सापळ्यात चारचे नऊ झाले. आठव्यात सात. सापळेबाईंचा आईच्या फोनवर फोन आला. "सातव्यात खरंच शून्य? दोन्ही बाजूंना पतंग आहेत आणि मधे नाहीत?"

"हो बाई. कार्ड एकदम कोरं आहे."

हे खोटं नव्हतं. कार्ड कोरंच होतं.

"नवल आहे. कडेच्या झाडांमुळे वारा अडत असेल," बाई म्हणाल्या. "जवळून बघितलंस ना?"

दुर्बिणीच्या जिभेवर 'नाही' आलं होतं. पण आई शेजारीच शिलाई मशीनवर बसली होती, दादा ऐकत होता. "हो," ती म्हणाली. एवढासा शब्द. तो बोलायला ट्रॅक्टर पकडण्याइतकीही घाई लागली नाही.

चौथ्या रविवारी सहाव्या सापळ्यात चौदा पतंग निघाले. दादा त्या दिवशी तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत आला होता. तो म्हणाला, "सातव्यातल्या पतंगांशी तुझा काही तह झालाय का गं? तुझ्या अंगणात ते पाऊल ठेवत नाहीत, माझ्या खोलीत डाससुद्धा विचारून येत नाहीत."

"तुला काय कळतंय? थांब, कार्डच आणून दाखवते."

ती फळी ओलांडून ओळींत शिरली. मका आता तिच्या खांद्याला लागत होता. सापळ्याशी पोचली, कार्ड बाहेर ओढलं आणि तिचा अंगठा कार्डावरून सरकला.

सरकला. चिकटला नाही.

तिनं कोपऱ्याशी नख घातलं. मेणकागद अलगद सुटून वर आला. कागदावर करडी पूड पसरली होती, फळ्याखाली खडूची पडते तशी. पतंगांच्या पंखांची पूड. ते येत होते. रोज येत होते, बसत होते, फडफडत होते आणि उठून मक्यात जात होते.

तिनं शेजारचं झाड बघितलं. पानावर बारीक पांढुरक्या खिडक्या पडल्या होत्या, आरपार उजेड दिसेल अशा. पुढच्या झाडाच्या पोंग्यात ओल्या भुशासारखी घाण साचली होती. त्याच्या पुढच्याही. तिला अर्थ माहीत होता. तो तिला बाईंनीच शिकवला होता.

अशा वेळी कसं होतं, ते तुम्हाला माहीत असेल. जिन्याची एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. आजूबाजूला कोणी नसतं, तरी सगळं शेत आपल्याकडे बघतंय असं वाटतं.

तिनं मेणकागदाची घडी घातली आणि फ्रॉकच्या खिशात कोंबली. सोललेलं कार्ड परत सरकवलं. आता पुढच्या रविवारपर्यंत पतंग अडकतील. मग आपण खरा आकडा लिहू. कोणाला काही कळणार नाही. आठवडाच तर जायचाय, असं ती स्वतःला समजावत होती, आणि आठवड्यात अळी केवढी होते हेही तिला माहीत होतं.

"काय, किती निघाले?" रस्त्यावरून दादानं विचारलं.

"एकही नाही म्हटलं ना!" ती इतक्या जोरात ओरडली की दादा गप्पच झाला.

सोमवारी सकाळी दूध केंद्रावर तिनं खडू उचलला. सहापुढे चौदा लिहिलं. सातपुढे खडू टेकवला आणि शून्य काढलं. नेहमी ते गोल गरगरीत यायचं, त्या दिवशी खाली जरा चेपलं.

फवारणीवाला रांगेशेजारी उभा होता. फळा वाचून तो म्हणाला, "आजोबा, मशीन आज तुमच्या शेजारच्याच शेतात आहे. उद्या मी पलीकडच्या गावाला चाललो, मग काही आठवडाभर येत नाही. बघून घेऊ का तुमचं पण? शेजारी चौदा आहेत म्हणजे..."

"शेजारी असतील," आजोबा म्हणाले. "माझ्याकडे किती गं, दुर्बीण?"

सगळे तिच्याकडे बघत होते. केटलीचं झाकण वाजलं तेवढाच आवाज.

"शून्य, आजोबा."

"ऐकलंत? आमची दुर्बीण म्हणते शून्य, म्हणजे शून्य. उगाच कशाला औषध मारायचं?" मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एका फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "हे तुझ्यासाठी आणलंय. पेपर वाचायचं भिंग आहे माझं. माझ्या आता काय कामाचं? तुझ्या डोळ्यांना मिळू दे."

जाड पितळी कडं असलेलं ते भिंग तिच्या हातात आलं तेव्हा आजोबांच्या खिशातल्या उबेनं कोमट होतं. तिला ते नको होतं. ते फेकून पळून जावंसं वाटलं. "थँक्यू, आजोबा," ती म्हणाली.

मंगळवारी शाळेत तिला फळ्याकडे बघवेना. कुठलंही शून्य आलं की मान खाली. बुधवारी ती डबा तसाच घेऊन परत आली. संध्याकाळी आई धुवायचे कपडे वेगळे करत होती. आई शिवणकाम करायची, आणि शिवणकाम करणाऱ्या माणसाला खिसे तपासल्याशिवाय राहवत नाही. तिनं मेणकागद बाहेर काढला, उलगडला.

"हा कसला गं कागद?"

"सापळ्याचा."

"पिशवीत टाकायचे असतात ना ते?"

"राहिला."

आईनं तिच्याकडे बघितलं. मशीनच्या टेबलावर कागद सरळ करून ठेवला आणि हात पुसले. "कधीचा?"

बोलायला लागली तेव्हा दुर्बिणीला वाटलं, फक्त ट्रॅक्टरपर्यंतच सांगावं. पण ट्रॅक्टरमागून फळी आली, फळीमागून फोन, आणि मग चेपलेलं शून्य. दादा दारात उभा राहून ऐकत होता. एरवी त्यानं काहीतरी फोडणी घातली असती. तो काही बोलला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

आईनं टेबलावरची अर्धवट शिवलेली बाही उचलली. मग म्हणाली, "बाही उलटी लागली की मी काय करते?"

"उसवतेस."

"कुठपर्यंत?"

"जिथे चुकली तिथपर्यंत."

"मग झालं. बाईंना फोन मी आत्ता लावून देते, बोलायचं तू. आजोबांकडे सकाळी जा."

"तू येशील?"

"नाही," आई म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता, पण ती खरंच येणार नव्हती.

रात्री तिनं बाईंना फोनवर सगळं सांगितलं. गुरुवारी ती लवकर निघाली. आजोबा घराच्या ओट्यावरच भेटतील, दोघंच असू, असा तिचा बेत होता. पण ओट्यावर कोणी नव्हतं. ते केटली घेऊन केव्हाच गेले होते. केंद्रावर पंधरा-वीस माणसं होती, आणि आजोबा रांगेच्या मधोमध.

त्यांनी तिची चाल ओळखली. "या, दुर्बीणबाई! आज गुरुवारी कशी काय वाट चुकलात?"

काही लोक हसले. दुर्बीण सरळ फळ्याशी गेली आणि सातपुढचं शून्य तिनं तळहातानं पुसलं. तिथे एक आडवी रेघ मारली.

"काय केलंस गं?" आजोबांनी विचारलं. त्यांना फक्त खडूचा आवाज आला होता.

"सातवा सापळा बंद होता, आजोबा. मी वरचा कागद काढलाच नव्हता. पतंग चिकटतच नव्हते. आणि मी जवळ जाऊन बघितलं नाही. फळीवरूनच लिहिलं. तुमच्या मक्यात अळी आहे. पोंग्यात गेलीय."

दूध मापणाऱ्या काकांचा हात माप धरून तसाच राहिला. मग कोणीतरी हळूच म्हणालं, "लहान आहे हो, राहून जातं."

दुर्बिणीला ते शब्द किती बरे वाटले म्हणून सांगू. राहून जातं. लहान आहे. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं.

पण आजोबांनी तिच्या दिशेनं मान वळवली. "सोमवारी मी तुला विचारलं, माझ्याकडे किती. तेव्हा तुला माहीत होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. शेतात तिला कोणी बघितलं नव्हतं. तिचे कान इतके तापले होते की बाहेरचं काही ऐकू येईना. हातातला खडू मोडला.

"हो," ती म्हणाली. "रविवारीच कळलं होतं."

आजोबांनी मान हलवली, हिशेब लागल्यासारखी. केटलीचं झाकण चाचपून बसवलं. दूध न घालताच ते रांगेतून बाहेर पडले आणि काठी टेकत टेकत शेताच्या वाटेला लागले. त्यांना कोणी थांबवलं नाही. तिला कोणी रागावलं नाही. रागावले असते तर उभं राहायला काहीतरी आधार मिळाला असता.

दुपारी सापळेबाई आल्या, मागे मशीन घेऊन फवारणीवालाही आला. बाईंनी त्याला पलीकडच्या गावाहून परत बोलावलं होतं. सगळे ओळींतून चालले. बाई एकेक पोंगा उघडून बघत होत्या. आजोबा पानं बोटांतून ओढून बघत होते. एका पानाशी ते थांबले.

"पानाची जाळी झाली की ही."

"बांधाकडच्या ओळींत अळ्या अजून बारीक आहेत," बाई म्हणाल्या. "त्या ओळी वाचतील. कालव्याकडच्या..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"मला ओळी नका सांगू, बाई. गाई सांगा. किती गाईंचा चारा गेला?"

"दोन. आणि तीन दिवस आधी फवारलं असतं तर कदाचित एकीचाच."

"मग शिंगमोडीला आणि पांढरीला द्यावं लागणार कुणाला तरी," आजोबा म्हणाले. "शिंगमोडीला घेणार कोण, हा प्रश्नच आहे."

दुर्बीण शिंगमोडीला ओळखत होती. एका शिंगाची म्हातारी गाय. तिच्या जिभेनं हात खरवडून निघायचा. दुर्बिणीनं वही पुढे केली, चिमटा, पेन्सिल, सगळं. आणि भिंगही काढलं.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"परत."

"अच्छा. म्हणजे पुढच्या रविवारी मी एकोणतीस गावं सोडून इथे येऊ?"

"पण बाई, मी खोटं..."

"लिहिलंस. फोनवरही बोललीस. मला ते आवडलेलं नाही, आणि बरेच दिवस आवडणार नाही. आण इकडे." बाईंनी वही उघडली, सातव्याची तिन्ही शून्यं खोडून त्यांवर रेघा ओढल्या आणि वही परत दिली. पान अगदीच कुरूप दिसत होतं. "हे पान फाडायचं नाही."

भिंग तिनं आजोबांपुढे धरलं. त्यांना दिसलं नसावं, म्हणून त्यांच्या हाताला लावलं. त्यांनी हात मागे घेतला.

"दिलेलं मी परत घेत नाही," ते म्हणाले. "ठेव, मुली."

मुली. तिला वाटलं, दूध केंद्रावरच्या गर्दीत हा शब्द कुठल्याही मुलीला लागू पडला असता.

शुक्रवारी आणि शनिवारी शाळा सुटल्यावर ती आजोबांच्या शेतात गेली, कोणी बोलावलं नव्हतं तरी. औषध मारलेल्या बांधाकडच्या ओळींत पाऊल टाकायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. कालव्याकडच्या ओळींवर औषध वाया घालवलं नव्हतं. तिथे, जी झाडं अगदीच संपलेली नव्हती, त्यांचे पोंगे उघडून ती चिमट्यानं अळ्या काढायची आणि साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायची. दुसऱ्या दिवशी दादाही आला. "शी, काय वास आहे," म्हणाला आणि पलीकडच्या ओळीत वाकला. आजोबा बांधावर बसून असत. ते जा म्हणाले नाहीत, ये म्हणाले नाहीत.

मग रविवार आला. तिनं सहा सापळे केले, प्रत्येक कागद पिशवीत टाकताना आकडा मोठ्यानं म्हटला. फळी ओलांडून सातव्याशी पोचली, तर तिथे आजोबा काठीवर हात ठेवून उभे होते. ते कशासाठी आले होते, त्यांनी सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही.

तिनं आठवड्याभराचं कार्ड बाहेर ओढलं. पतंगांनी ते गच्च भरलं होतं. काही अजून पाय हलवत होते. तिनं आधी नवं कार्ड सरकवलं, मेणकागद सोलला, आणि पिशवीत टाकायच्या ऐवजी तो आजोबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठ्यानं कागद चोळून बघितला, मग चारी कडांवरून बोट फिरवलं. घडी घालून खिशात ठेवला. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

दुर्बीण भरलेलं कार्ड घेऊन मातीत मांडी घालून बसली. भिंग डोळ्याशी धरलं. चिमट्यानं पहिला पतंग उचलला, त्याला डोकं आहे ना ते नीट बघितलं, आणि आजोबांना स्पष्ट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "एक."